अंशतः खरे आहे

(दृश्य: रविवार संध्याकाळ. ठाणे, घोडबंदर रस्त्यालगतच्या एका वसाहतीचा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचे जार.)

साडेसहाची वेळ दिली होती. पावणेसात वाजलेत आणि हॉल भरलाय. पुढच्या रांगांत ज्येष्ठ नागरिक, मागे भिंतीला टेकून उभी तरुण मंडळी, दाराशी चपलांचा ढीग. आज इथे आमदार येणार आहेत. निवडणूक तोंडावर नाही, कसलं उद्घाटन नाही, कुणाचा वाढदिवसही नाही. मतदारसंघात काय झालं, विधानसभेत काय झालं, ते सांगायला येतायत.

त्यांचं नाव आम्ही या फिल्ममध्ये घेतलेलं नाही. पक्षही सांगणार नाही. नाव कळलं की आपण आधी पक्ष बघतो आणि मुद्दा तिथेच राहतो. ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. शहापूरपासून बेलापूरपर्यंत प्रत्येक ठिकाणी अशी संध्याकाळ व्हावी, एवढीच आमची इच्छा.

(दृश्य: माइक हातोहात फिरतोय.)

पहिला प्रश्न कचऱ्याच्या गाडीचा. दुसरा बंद पथदिव्याचा. तिसरा गटाराच्या फुटलेल्या झाकणाचा, त्यात एका मुलाचा पाय अडकला होता. एकही प्रश्न खोटा नाही. पण यातलं एकही काम आमदाराचं नाही. ही महापालिकेची कामं, नगरसेवकाकडे न्यायची.

मग लोक आमदाराकडे का येतात? ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. खाडीपलीकडे नवी मुंबईत तर मे २०२०पासूनच प्रशासक होता. ठाण्याचे नगरसेवक १३१. इतक्या दारांत वाटली जाणारी गाऱ्हाणी चार-पाच आमदारांच्या दारात येऊन साचली. नगरसेवक आता परत आलेत, पण लोकांची पावलं अजून जुन्याच वाटेनं वळतात. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या दारात कुणीतरी ऐकून घेतलं, तेच दार माणसाच्या लक्षात राहतं.

त्यातून घोडबंदरसारखा रस्ता असला की सामान्य माणसानं जायचं तरी कुणाकडे? मुख्य रस्त्याचं विचारलं तर सार्वजनिक बांधकाम. मेट्रोचे खांब आणि त्याखालचे पत्रे एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. सेवारस्ते महापालिकेचे. गायमुखच्या घाटात पुढे गेलं की मीरा-भाईंदरची हद्द. अवजड वाहनांच्या वेळा वाहतूक पोलिसांच्या हातात. उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर या सगळ्या हद्दी न विचारता ओलांडतो. त्याच्या मागे रुग्णवाहिका अडकली, तर जाब कुणाला विचारायचा?

इथे मात्र आमदाराचं काम सुरू होतं. या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवणं आणि एकत्र बसले नाहीत तर सभागृहात उभं राहून मंत्र्याला विचारणं, हे नगरसेवकाला शक्य नाही. आमदाराला शक्य आहे.

(दृश्य: खुर्च्यांवर ठेवलेले रंगीत कार्यअहवाल. एक हात पानं उलटतोय.)

प्रत्येक खुर्चीवर एक कार्यअहवाल ठेवलाय. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो. भूमिपूजनं, दहीहंडी, आरोग्य शिबिर, बाकडी, व्यायामशाळा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. काम आमदार सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, पैसा जनतेचा असतो. बाकडी हवीतच, आजी-आजोबा त्यांच्यावरच बसतात. पण आमदार निवडून पाठवला तो कायदे करायला, अंदाजपत्रकावर बोलायला आणि सरकारला प्रश्न विचारायला. त्या कामाचा फोटो निघत नाही. म्हणूनच ते अहवालात सगळ्यात कमी दिसतं.

या अहवालात मात्र शेवटी एक सुटा कागद घातलाय. पांढरा, साधा, झेरॉक्स केलेला. आमदारांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना आलेली उत्तरं.

(दृश्य: कागद जवळून. बोट एकेका ओळीवरून सरकतंय.)

विधानसभेतल्या प्रश्नाची भाषा एकदा नीट वाचून बघा. सुरुवात ठरलेली: अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? मग आकडे टाकून: हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय? तद्नुसार पुढे कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटी: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरांचीही ठरलेली घडण असते. 'होय.' 'हे खरे नाही.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आणि सगळ्यात जास्त वेळा भेटणारं, 'अंशतः खरे आहे.' सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले, हे तीन शब्द जागचे हलले नाहीत.

या कागदावरचा दुसरा प्रश्न घोडबंदर पट्ट्यातल्या पाण्याचा आहे. कमी दाबानं पाणी येतं, सोसायट्यांना टँकर घ्यावे लागतात, हे खरे आहे काय? उत्तर: अंशतः खरे आहे.

तिसऱ्या रांगेतून सोसायटीच्या सेक्रेटरी काकू उभ्या राहतात. हातात लांबट, खाकी पुठ्ठ्याची वही. तारीख, टँकरचा नंबर, वेळ, रक्कम, वॉचमनची सही. मागच्या उन्हाळ्यापासून एकही दिवस न चुकता.

'साहेब,' त्या विचारतात, 'अंशतः म्हणजे किती?'

हॉल शांत होतो. आमदार माइक खाली घेतात, आणि मग जे सांगतात ते आम्हाला या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाटलं. प्रश्न मंत्र्याकडे जातो. मंत्री खात्याला माहिती विचारतात. खातं महापालिकेला विचारतं. महापालिका तिच्या पाणीपुरवठा विभागाला. म्हणजे काकूंनी ज्या टेबलावर तक्रार दिली, फिरून फिरून उत्तर त्याच टेबलावर लिहिलं जातं. ते मंत्रालयात जातं, छापलं जातं आणि मंत्र्यांच्या तोंडून बाहेर येतं.

ही साखळी तोडायला हत्यार एकच: उपप्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर लगेच पुढचा प्रश्न करता येतो. हातात पुरावा असला तर 'अंशतः'ला तिथेच धरता येतं. पण प्रश्नोत्तराचा तास एकच. यादीतले बरेच प्रश्न पुकारले जाण्याआधीच तो संपतो. मग राहतं फक्त छापील उत्तर, आणि उपप्रश्न खिशातच राहतो. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, लागली तर आणखी एक संधी. त्यात मंत्र्यांनी आश्वासन दिलं, तर पुढे ते पाळलं की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिच्यापर्यंत पाठपुरावा करणारा आमदार आम्हाला शंभर भूमिपूजनांपेक्षा मोठा वाटतो.

आणि या सगळ्याला दिवस किती? २०२५चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर, सात दिवसांचं. विधानसभेचे सदस्य २८८. हा हिशेब ज्यानं त्यानं करून बघावा. आम्हाला हे दिवस फार कमी वाटतात, आणि अधिवेशन वाढवा ही मागणी मतदारांनी करायला हवी.

(दृश्य: महामार्गावरून जाणारा टँकर. नंतर भातसा धरणाचं पाणी.)

पाण्याचं मूळ दूर आहे. ठाण्याला स्वतःच्या मालकीचं धरण नाही. महापालिकेची स्वतःची योजना भातसाच्या पाण्यावर, बाकीचं पाणी स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेकडून. नवी मुंबईनं मोरबे धरण विकत घेतलं, ठाण्याला ते जमलं नाही. नियोजित काळू धरणाचं नाव तर निम्मं आयुष्य ऐकण्यात गेलं. आणि ज्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात. आपल्या नळाची मागणी करताना त्यांची आठवण ठेवायला हवी. काकूंनीच ती हॉलमध्ये बोलून दाखवली, आणि काही क्षण कुणीच बोललं नाही.

पुढचा अर्धा तास भराभर जातो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नाव अडकलेल्या दोघीजणी. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डर येत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, फाइल घेऊन आलेले एक निवृत्त शिक्षक. ठाणे-बोरिवली बोगद्याच्या कामाच्या गाड्या रात्री कुठून फिरणार, असं विचारणारा रिक्षाचालक. आमदार काहींना तिथेच उत्तर देतात, काही लिहून घेतात. दोनदा सांगतात, 'हे माझ्या हातात नाही, तुमच्या नगरसेवकाकडे जा, मी त्यांना फोन करतो.' टाळ्या या वाक्यांना पडत नाहीत. पडायला हव्यात.

(दृश्य: हॉल रिकामा होतोय. खुर्च्या एकात एक रचल्या जातायत.)

निघताना आमदार काकूंजवळ थांबतात. म्हणतात, 'ताई, ही वही मला द्या. पुढच्या अधिवेशनात उपप्रश्नाला लागेल.'

काकू वही देत नाहीत. पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढतात. घरूनच करून आणलाय, कोपऱ्यात टाचणी लावलेली, वर निवेदन, खाली सोसायटीचा शिक्का.

'हे घ्या. आणि पोच द्या.'

आमदारांचा सहायक शर्टाचे खिसे चाचपतो. पेन सापडत नाही. काकू स्वतःचं देतात. तो सही करतो, कागद परत करतो. त्या चष्मा वर सरकवून बघतात.

'तारीख राहिली,' त्या म्हणतात.

तो तारीख घालतो.