दाव्यात तिसरा माणूस

[दृश्य: तालुका न्यायालयाचा व्हरांडा. टेबलावर वादपत्राचं पहिलं पान.]

वाटपाचा दावा. वर न्यायालयाचं नाव, त्याखाली वादी: धाकटा भाऊ. मध्ये ‘विरुद्ध’. मग प्रतिवादी क्रमांक १, थोरला भाऊ. क्रमांक २, मयत मधल्या भावाची पत्नी. क्रमांक ३, तिचा मुलगा. सातबाऱ्यावर एवढीच नावं आहेत, म्हणून पानावरही एवढीच. दोन बहिणी सासरी आहेत. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, तेव्हा त्यांची नावं लागलीच नाहीत.

सातबारा महसुली नोंद आहे, ती मालकी ठरवत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने अविवाहित मुलींना आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना जन्मानेच सहदायकाचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाटेकऱ्याचा, हक्क मिळाला. या बहिणींना सोडून वाटपाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निर्णायक आदेश, झाला, तर तो त्यांच्यावर बंधनकारक नाही. हिस्से चुकलेले, मोजणी फुकट.

अशा वेळी उपयोगी पडतो दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश १, नियम १०. पोटनियम २ म्हणतो: दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, कुणी अर्ज केला तरी किंवा न केला तरी, न्यायालय चुकीने जोडलेलं नाव काढू शकतं आणि हवं असलेलं नाव घालू शकतं. अर्ज वादी देतो, प्रतिवादी देतो, कधी बाहेरचा माणूस स्वतःच येऊन ‘मला घ्या’ म्हणतो. न्यायालय आपणहून आदेश करतं, पण क्वचित.

बाहेरचा माणूस दोन प्रकारचा असतो. एक आवश्यक पक्षकार. त्याच्याविरुद्ध काही तरी दाद मागितलेली असली पाहिजे, आणि त्याच्याशिवाय परिणामकारक हुकूमनामा होणं शक्य नसलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कस्तुरी विरुद्ध अय्यमपेरुमल या निकालात या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या. दुसरा उचित पक्षकार. त्याच्याशिवाय हुकूमनामा होतो, पण वाद पूर्ण मिटत नाही. बहिणी पहिल्या प्रकारात येतात.

हा फरक याच आदेशाच्या नियम ९ मुळे महत्त्वाचा ठरतो. पक्षकार कमी किंवा जास्त झाले म्हणून दावा फेटाळायचा नाही, असं तो नियम सांगतो. १९७६ च्या दुरुस्तीने त्याला परंतुक, म्हणजे अपवादाची पुस्ती, जोडलं: आवश्यक पक्षकार राहिला असेल तर हे संरक्षण नाही. म्हणून कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, ‘आवश्यक पक्षकारांअभावी दावा चालण्यास पात्र नाही’ हे वाक्य दिसलं की वादीच्या वकिलाने ते हातावेगळं करायला हवं. बऱ्याच कैफियतींत ते सवयीने टाकलेलं असतं, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. मग युक्तिवादाच्या दिवशी तेच वाक्य वर येतं. नियम १३ प्रमाणे ही हरकत मुद्दे (वादात ठरवायचे प्रश्न) काढण्यापूर्वी किंवा काढताना घ्यावी लागते, नाही तर ती सोडून दिली असं धरलं जातं. पण राहिलेला माणूस आवश्यक पक्षकार असेल, तर नियम ९ चं परंतुक पुन्हा आडवं येतं.

[दृश्य: मुंबई. रस्त्याकडेचं सर्व्हिस स्टेशन.]

मात्र वादाशी संबंध आहे म्हणून कुणीही आत येत नाही. १९९२ चा रमेश हिराचंद कुंदनमल विरुद्ध बृहन्मुंबई महापालिका हा निकाल पाहा. सर्व्हिस स्टेशन चालवणाऱ्याने महापालिकेच्या अनधिकृत बांधकामाच्या नोटिशीविरुद्ध दावा लावला. जागेत हितसंबंध असलेल्या हिंदुस्थान पेट्रोलियमने ‘आम्हालाही जोडा’ असा अर्ज दिला. खालच्या न्यायालयांनी जोडलं, सर्वोच्च न्यायालयाने काढलं. एखाद्याकडे उपयोगी पुरावा असेल तर तो साक्षीदार होईल, पक्षकार नव्हे. दाव्याच्या निकालाने त्याच्या कायदेशीर हक्कावर थेट परिणाम होतो का, एवढंच पाहायचं.

२०१० मध्ये मुंबई विमानतळाच्या प्रकरणातही हाच धागा आहे. जमिनीच्या करारपूर्तीसाठी एका कंपनीने विमानतळ प्राधिकरणाविरुद्ध दावा लावला होता. विमानतळ चालवायला घेतलेली दुसरी कंपनी २००६ नंतर आली आणि म्हणाली, ही जमीन पुढे आम्हाला लागणार. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: पुढे मिळेल ही आशा म्हणजे हक्क नव्हे. वादी हा दाव्याचा धनी असतो, कुणाविरुद्ध लढायचं ते त्याने ठरवायचं. त्या निवडीला नियम १० हा अपवाद आहे, पण तो वापरणं न्यायालयाच्या विवेकावर आहे.

कस्तुरीच्या निकालातही तेच. विक्रीच्या कराराच्या पूर्ततेचा दावा चालू असताना तिसरा येतो आणि म्हणतो, ‘जमीन विकणाऱ्याची नाहीच, माझी आहे.’ त्याला आत घेतलं तर कराराचा दावा मालकीचा दावा होऊन बसतो. त्याने आपला वेगळा दावा लावावा. याउलट करारानंतर आणि दाव्याआधी ज्याने तीच जमीन विकत घेतली, त्याला जोडायलाच हवं. खरेदीखत करून द्यायला विकणाऱ्यासोबत त्यालाही सामील व्हायला लावायचं, हा हुकूमनाम्याचा ठरलेला नमुना आहे.

[दृश्य: अर्जाचा कागद, शेजारी प्रतिज्ञापत्र.]

आता अर्ज. नाव, वय, पत्ता, मूळ पक्षकारांशी नातं. दाव्यातल्या कोणत्या मागणीचा या माणसावर थेट परिणाम होतो, तो परिच्छेद क्रमांकासह. त्याची माहिती कधी मिळाली, उशीर का झाला. सोबत प्रतिज्ञापत्र, सातबारा, फेरफार किंवा खरेदीखत. आणि दुरुस्तीचा मसुदा, ज्यात तीन जागा भरायच्या: शीर्षक, मजकूर, मागणी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शीर्षकात बहिणीचं नाव चढतं, पण तिचं नातं, तिचा हिस्सा, तिच्याबद्दलची मागणी यांचा मजकुरात पत्ता नसतो. मग तिने कैफियतीत उत्तर तरी कशाला द्यायचं?

तिची संमती नसताना तिला वादी करता येत नाही, हे नियम १० च्या पोटनियम ३ मुळे. प्रतिवादी करता येतं. वाटपाच्या दाव्यात तसंही फारसं बिघडत नाही, कारण प्रतिवादीलाही आपला हिस्सा मागता येतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं असेल, तरी तिला औपचारिक पक्षकार म्हणून ठेवणं शहाणपणाचं. पुढे तेच हक्कसोडपत्र ती खोटं म्हणाली, तर निकाल त्याच दाव्यात लागतो.

अर्ज मंजूर झाला की घड्याळ सुरू होतं. आदेशात मुदत दिली असेल तर ती, नाही तर आदेश ६, नियम १८ प्रमाणे १४ दिवस. त्या आत दुरुस्ती वादपत्रावर उतरवायची, बहुतेक ठिकाणी लाल शाईने. कडेला ‘निशाणी २७ खालील आदेशान्वये दुरुस्ती केली’ (निशाणी म्हणजे अर्जाला मिळालेला क्रमांक) असा शेरा, तारीख, सही. मुदत गेली तर वाढवून मागावी लागते, आपोआप मिळत नाही. मग दुरुस्त वादपत्राची प्रत, प्रोसेस फी (समन्स बजावणीचं शुल्क) आणि समन्स. बजावणी झाल्यापासून नव्या प्रतिवादीला कैफियतीसाठी ३० दिवस मिळतात, वाढवून ९०.

अर्ज नामंजूर झाला तर अपील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट करावी लागते.

सगळ्यात मोठा खड्डा मुदतीचा आहे. मुदत कायदा, १९६३, कलम २१: नव्या पक्षकारापुरता दावा त्याला जोडलं त्या दिवशी दाखल झाला, असं धरायचं. समजा, करारपूर्तीस नकार कळला १ जून २०२२ ला. मुदत तीन वर्षांची. दावा २० मे २०२५ ला दाखल, म्हणजे वेळेत. करारानंतर आणि दाव्याआधी जमीन विकत घेतलेल्याला जोडलं १४ ऑगस्ट २०२५ ला. विकणाऱ्याविरुद्ध दावा जिवंत, खरेदीदाराविरुद्ध मुदतबाह्य. आणि जमीन तर खरेदीदाराच्या नावावर! दावा चालू असताना कुणी हक्क विकत घेतला, किंवा वारसाहक्काने तो कुणाकडे गेला, तर पोटकलम २ प्रमाणे हा नियम लागत नाही. वादीचा प्रतिवादी किंवा प्रतिवादीचा वादी केला, तरीही नाही.

वरच्या उदाहरणासाठी मात्र एकच दार उरतं, कलम २१ चं परंतुक. नाव राहिलं ते सद्हेतूने झालेल्या चुकीमुळे, अशी न्यायालयाची खात्री पटली, तर दावा आधीच्या तारखेपासून धरावा असा आदेश करता येतो. तो आपोआप होत नाही. अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात वेगळी मागणी लिहावी लागते, त्या तारखेसह. आदेशाची नक्कल हातात आली की आधी तेवढी एक ओळ शोधायची.