घसरगुंडीची शिडी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘विशेष मुलांसाठी बागेतलं आठवड्याचं वेळापत्रक’. वेळापत्रकाकडे येतोच. पण आधी शिडीबद्दल बोलू द्या, कारण बागेत सगळ्यात जास्त अन्याय होतो तो तिच्यावर.

आपल्या बेळगावात टिळकवाडीत जा, शहापुरात जा, चित्र तेच. पोराला काखेत धरायचं, उचलून थेट घसरगुंडीच्या माथ्यावर बसवायचं, सुर्रकन खाली आलं की परत उचलायचं. व्यायाम होतो, नाही असं नाही. बाबांचा होतो.

घसरताना पोराला फारसं काही करावं लागत नाही. काम आहे ते चढण्यात. एक पायरी म्हणजे क्षणभर एका पायावर तोल सावरणं, दुसरा गुडघा वाकवून पाय उचलणं, मग मांडीच्या जोरावर अख्खं अंग वर नेणं. आठ पायऱ्यांची शिडी पाच वेळा चढली की हे चाळीस वेळा झालं. थेरपीच्या खोलीत चाळीस वेळा करून घेऊन बघा, दहाव्यालाच पोर भोकाड पसरतं. इथे वर घसरगुंडी वाट बघत असते, म्हणून चढतं.

आता धरायचं कुठे? हात धरून वर ओढू नका. ओढलं की मूल चवड्यांवर जातं, आणि सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचाली अवघडतात त्या मुलांत, बहुतेकांच्या पोटऱ्या आधीच ताठ असतात. शिवाय लहान मुलाच्या कोपराचं हाड एका हिसक्यात जागचं सरकू शकतं. मागे उभे राहा, दोन्ही तळवे कमरेच्या हाडांवर ठेवा. डावा पाय उचलायचा असेल तर कंबर हलकेच उजवीकडे न्या. वजन उजव्या पायावर गेल्याशिवाय डावा सुटतच नाही. मग थांबा. मनात पाच आकडे मोजा. त्याच्या मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात पाय हातानं उचलून वर ठेवलेला असतो! एक बाजू कमजोर असेल तर सुरुवातीला चांगला पाय आधी वर. जमायला लागलं की मुद्दाम कमजोर पाय आधी.

निरोपावरून आठवलं. आई म्हणते ‘थांब’, शेजारची मावशी म्हणते ‘निल्लु’, शाळेत ‘स्टॉप’. ज्याला समजायला वेळ लागतो त्या मुलासाठी शिडीवर तरी एकच शब्द ठरवा, कुठल्याही भाषेतला. 1956 पासून आपण पाट्यांवरच्या मराठी अक्षरांसाठी भांडतोय, जरूर भांडू. पण बागेच्या पाटीमागच्या शिडीची पायरी किती उंच आहे, हे एकदा टेप लावून मोजा. नऊ-दहा इंच निघाली आणि मूल पाच वर्षांचं असलं तर घरी आधी विटांवर सराव. आडवी वीट साधारण तीन इंच, एकावर एक दोन ठेवल्या की सहा. डुगडुगणार नाहीत अशा बसवा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अध्यक्षांना खानापूरची गाडी गाठायचीय.

तर वेळापत्रक. एक दिवसाआड, तीस-चाळीस मिनिटं. आधी वाळूत अनवाणी चालणं, मग शिडी, शेवटी झोपाळा. धड सावरत नसेल तर फळीचा झोपाळा नको, पाठ आणि पट्टा असलेला हवा. पुढे उभे राहून गुडघ्यांना हलका धक्का द्या. मूल तुमचा चेहरा बघतं, मान वर राहते. मागेपुढे संथ झोका बहुधा शांत करतो. गोल फिरवणं वेगळं: चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, जांभया आल्या की तिथंच बंद. फिट येणाऱ्या मुलाला हाताच्या अंतराबाहेर चढू देऊ नका. डाउन सिंड्रोममध्ये काहींचे मानेचे वरचे मणके सैल असतात. कोलांट्या आणि ट्रॅम्पोलीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मांडीवर घेऊन घसरू नका: मुलाचा बूट कडेला अडकतो, तुमचं वजन पुढे जातं आणि त्याच्या नडगीचं हाड मोडतं.

पत्र्याची घसरगुंडी उन्हात तापते, तळहाताच्या मागच्या बाजूनं तपासा. आपल्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर शिडीवर शेवाळ आणि झोपाळ्याखाली डबकं; तेव्हा घरातला जिना बरा.

स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारा साचा? शिडीवर चढताना घाला, वाळूत काढा, कण आत जाऊन कातडी सोलते. घरी आल्यावर पाय बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट जिथं बनवली तिथं दाखवून घासून घ्या. हं, मागच्या रांगेतल्या वहिनी, विचारा.