वैर बाहेर, वाद आत : बारेनबॉइम आणि सईद

जर्मनीतलं वायमार, कवी ग्योथेचं गाव. काही किलोमीटरवर बुखेनवाल्डची नाझी छळछावणी. 1999च्या उन्हाळ्यात इस्रायल आणि अरब देशांतले तरुण वादक इथं एका वाद्यवृंदात वाजवायला एकत्र आले. कित्येकांनी ‘पलीकडचा’ माणूस तोवर समोरासमोर पाहिलाच नव्हता.

हा घाट घातला दोन मित्रांनी. पियानोवादक आणि संगीतसंचालक डॅनिएल बारेनबॉइम ज्यू. जन्म अर्जेंटिनातला, दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्रायलला आलेले. विचारवंत एडवर्ड सईद पॅलेस्टिनी अरब, जन्म जेरुसलेमचा. तिथलं त्यांच्या कुटुंबाचं घर 1948 साली, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात गेलं, ते कायमचंच.

दोघांची गाठ पडली लंडनच्या एका हॉटेलात, निव्वळ योगायोगानं. सईद स्वतः उत्तम पियानो वाजवत, संगीतावर लिहीत. गप्पा संगीतावरून सुरू झाल्या आणि राजकारणावर गेल्या. तिथं जुंपायचीही! इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या 1993च्या ओस्लो शांतता करारावर सईद तुटून पडले होते, तर बारेनबॉइमना सुरुवातीला त्यातून आशा वाटत होती. या मैत्रीचं मला सर्वांत मोल वाटतं ते इथंच. मैत्रीखातर कुणीही आपलं म्हणणं गिळलं नाही.

वायमारला दिवसा तालीम चाले आणि संध्याकाळी सईद चर्चा घेत. व्हायोलिन, चेलोवाले दोघं-दोघं एकाच स्टँडवरची स्वरलिपी वाचतात. एकानं पान उलटायचं, तेवढा वेळ दुसऱ्यानं सूर धरून ठेवायचा. गज दोघांचे एकदमच वर, एकदमच खाली. एका स्टँडवर सीरियन आणि इस्रायली चेलोवादक शेजारी बसले होते. बारेनबॉइमनी त्यांच्याबद्दल पुढं अनेकदा सांगितलं : एक सूर एकसारखा काढायला धडपडलेली ही मुलं नंतर एकमेकांकडे पहिल्यासारखं पाहूच शकत नव्हती.

वाद्यवृंदाला नाव मिळालं ‘वेस्ट-ईस्टर्न दिवाण’, ग्योथेच्या त्याच नावाच्या काव्यसंग्रहावरून; ‘दिवाण’ म्हणजे फारसीत कवितांचा संग्रह. यानं युद्ध थांबेल असा दावा बारेनबॉइमनी कधीच केला नाही. लढाई अज्ञानाशी आहे, असं ते म्हणत.

सईद यांना रक्ताचा कर्करोग होता. 2003 साली ते गेले. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2005मध्ये, वाद्यवृंद पॅलेस्टाईनमधल्या रामल्लात वाजला. इस्रायली मुलांना तिथं जायला कायद्यानं बंदी, म्हणून स्पेननं सगळ्यांना राजनैतिक पासपोर्ट दिले. तिथं बेथोवेनची पाचवी सिंफनी घुमली, सईद मात्र नव्हते.

आज बर्लिनमध्ये दोघांच्या नावानं संगीत अकादमी आहे. अरब, इस्रायली मुलं तिथं वाद्याबरोबर तत्त्वज्ञान आणि इतिहासही शिकतात. वायमारच्या त्या संध्याकाळच्या चर्चा आता अभ्यासक्रमातच आल्या आहेत.