जिन्यातला दिवे घाट

श्रोतेहो, नमस्कार. २०२० साली आषाढी वारी पायी निघाली नाही. माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला सजवलेल्या एसटीने, मोजक्या लोकांसह पंढरपुरास गेल्या आणि १ जुलैची एकादशी वारकऱ्यांच्या गर्दीवाचून पार पडली. करोनाच्या त्या भयग्रस्त दिवसांत अध्यात्माने माणसांना कसा धीर दिला, हे सांगताना मला माझी आत्याच आठवते.

आत्या सव्वीस वर्षे आळंदीहून पायी जात असे. त्या वर्षी ती पुण्यातल्या दोन खोल्यांत अडकली. पण पालखीचे मुक्काम तोंडपाठ असल्याने, ज्या दिवशी पालखी जिथे असायची तिथले चालणे तिने घरातच सुरू केले. दिवे घाटाच्या दिवशी चढण हवी, म्हणून मास्क लावून, तुळशीची कुंडी डोक्यावर घेऊन ती तीन मजल्यांचा जिना चढली आणि मग तो घाट रोजचाच झाला. जेजुरीला तिने कपाळी भंडारा लावला, नीरास्नानाला देव्हाऱ्यातल्या पितळी पादुकांवर तांब्याभर नळाचे पाणी घातले.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक एकटे राहत. देवाधर्माचे त्यांना वावडे. ते करोनाबाधित निघाले, दाराला महापालिकेचा कागद चिकटला आणि शेजारी त्या मजल्यावरून श्वास रोखून धावू लागले. आत्या मात्र जिन्यातूनच 'माऊली!' अशी हाक देई. पहिले दोन दिवस आतून काहीच आले नाही. तिसऱ्या दिवशी त्रासिक आवाजात उत्तर आले, 'माऊली, माऊली. जा आता.' पुढे पुढे गुरुजी हाकेची वाट पाहू लागले. फलटणच्या मुक्कामाच्या दिवशी उत्तर आले नाही. तिने पुन्हा हाक दिली, तेव्हा पेल्यावर चमचा वाजल्याचा बारीक आवाज आला; त्यांना बोलण्याइतकाही दम उरला नव्हता. तिने आरडाओरडा केला आणि तासाभरात रुग्णवाहिका आली.

गुरुजींना प्राणवायूने आणि डॉक्टरांनी वाचवले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या काळात मोबाइलवर काढ्याचे उपदेश वाटत फिरणाऱ्यांचा मला आजही राग येतो. आमच्या घरी तर सुंठ संपली, पण संदेश संपले नाहीत. असो. आत्याला आजार टळेल अशी खात्री कधीच नव्हती. उद्या कुठवर चालायचे, हे मात्र तिला आज ठाऊक असे. पुन्हा सांगतो, उद्याचा मुक्काम तिला आज ठाऊक असे; आणि बातम्यांतले आकडे ऐकून ज्यांना उद्याचा विचारही नकोसा होई, अशा आम्हा सर्वांत तीच एकटी रात्री शांत झोपत असे. पंढरीला न जाता अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता महाराजांची परंपरा तिच्या पाठीशी होती, म्हणून जिन्याचा घाट करताना तिला संकोच वाटला नाही.

एकादशी उलटल्यावर गुरुजी काठी टेकत घरी आले. दाराशी कुलूप उघडता उघडता त्यांनी वर पाहून विचारले, 'काय हो, पंढरपूर झाले का?'

आत्या म्हणाली, 'झाले की. आता परतवारी चालू आहे. उतरण आहे, दम लागत नाही. उद्यापासून तुम्हीही या.'