बॉडिस: आतून पाहावा असा कपडा

नमस्कार श्रोतेहो. स्त्रियांच्या पोशाखात खांद्यापासून कमरेपर्यंतचा जो भाग अंगाला बसतो, तो बॉडिस. पाहणाऱ्याची नजर आधी जाते ती घेरावर, झालरींवर. पण ड्रेस अंगावर नीट बसला की नाही, हे ठरतं बॉडिसवरच. आज त्याच्याबद्दल बोलायचंय, आणि तेही आतल्या बाजूनं, कारण शिवणाऱ्याचं खरं कसब तिथंच दिसतं.

कापड सपाट असतं आणि अंगाला गोलाई असते. त्यामुळे जादा कापड कुठंतरी मुरवावं लागतं. ते टक्स घालून मुरवता येतं, नाहीतर खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून खालपर्यंत उभे तुकडे बेतून जोडता येतात. हा दुसरा प्रकार म्हणजे आपल्या परिचयाचा प्रिन्सेस कट.

युरोपात सोळाव्या शतकात मात्र उलटा न्याय होता. अंगाप्रमाणे बॉडिस नव्हे, बॉडिसप्रमाणे अंग! जाड कापडाच्या दोन थरांमध्ये देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या घालून छाती सपाट केली जायची. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ 1603 मध्ये वारली. तिच्या अंत्ययात्रेतल्या पुतळ्यासाठी शिवलेली अशी एक बॉडिस आजही वेस्टमिन्स्टर ॲबीत जपलेली आहे.

ही ताठ बॉडिस शिवायचे ते पुरुष शिंपी. 1675 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतंत्र संघाला मान्यता दिली. पण पट्ट्यांच्या बॉडिसचा हक्क तेव्हाही शिंप्यांकडेच राहिला. बाईचं माप घेऊन बाईनं बाईचे कपडे शिवायचे, पण त्यातला सर्वांत कसबी भाग सोडून! मला हे फार खटकतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कंबर थेट छातीखाली सरकली आणि बॉडिस जेमतेम वीतभर उरली. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एकाच घागऱ्यावर दोन बॉडिस शिवून घेण्याची पद्धत आली. दिवसा उंच गळ्याची, लांब बाह्यांची आणि संध्याकाळच्या मेजवानीला खोल गळ्याची.

त्या काळातली एखादी बॉडिस उलटी करून पाहावी. रेशमाच्या प्रत्येक तुकड्याला त्याच आकाराचं सुती अस्तर लावलेलं असतं. शिवणींच्या कडा हातानं गुंफलेल्या, त्यांच्यावर पट्ट्यांसाठी अरुंद खोळी. काखेत घाम टिपणारे कापडाचे तुकडे. आणि कमरेच्या रेषेवर, मागच्या शिवणींना टाचलेली एक मजबूत फीत. बाहेरचे हूक लावण्याआधी ही फीत पुढं आवळायची, म्हणजे हात वर केला तरी बॉडिस वर चढत नसे. पॅरिसमधला नामवंत ड्रेसमेकर चार्ल्स वर्थ याच्या पेढीचं नाव याच फितीवर विणलेलं सापडतं.

1920च्या दशकात सरळ, सैल ड्रेस आले आणि हे सगळं बाजूला पडलं. 1947 मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियां दिओरनं बारीक कंबर परत आणली, आणि तिच्याबरोबर आतल्या पट्ट्याही परतल्या.

ती कमरेची फीत आजही कामाची आहे. खांद्यावर पट्टे नसलेला गाऊन सारखा खाली घसरत असेल, तर बहुतेक जणी तो छातीशी आवळून घेतात. त्यानं श्वास कोंडतो आणि गाऊन घसरायचा तो घसरतोच. त्याचा भार कमरेनं पेलायला हवा. शिवायला टाकताना आत कमरेची फीत लावायला आवर्जून सांगा, आणि ट्रायलच्या वेळी आधी फीत लावून मगच चेन ओढा.