शेअर शंभराचा, जोखीम दोनशेची

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, तुम्ही एका बँकेचा शंभर डॉलरचा शेअर घेतलात आणि बँक बुडाली. शंभर गेले म्हणून तुम्ही कपाळाला हात लावता, तोच नोटीस येते: आणखी शंभर भरा, ठेवीदारांची देणी भागवायची आहेत. अमेरिकेत एके काळी हा चक्क कायदा होता. ओहायो या राज्याने तर तो आपल्या राज्यघटनेतच घातला. 1851 साली सगळ्याच कंपन्यांच्या भागधारकांवर ही दुहेरी जबाबदारी आली, 1903 मध्ये ती काढली आणि 1912 मध्ये फक्त बँकांपुरती परत आणली. त्या वर्षी मतदारांपुढे 42 घटनादुरुस्त्या होत्या. मंजूर झालेल्या 34 पैकी ही एक.

कल्पना खुळी नव्हती, असं माझं मत. ठेवींना विमा नव्हता. स्वतःच्या खिशाला कात्री लागणार म्हटल्यावर भागधारक संचालकांच्या कर्जवाटपावर डोळा ठेवणारच! एखादी बँक एकटी बुडाली, तर वसुलीही होई.

पण 1930 नंतर बँका हजारांनी बुडाल्या. भागधारकाची नोकरी गेलेली, ठेवही बहुधा त्याच बँकेत अडकलेली. वसूल करणार कुठून?

पळवाटाही निघाल्या. केंटकीत लुईव्हिलच्या एका मोठ्या बँकेचे भागधारक 1929 मध्ये आपले शेअर एका होल्डिंग कंपनीला, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या कंपनीला, देऊन मोकळे झाले आणि बदल्यात त्यांनी कंपनीचे शेअर घेतले. पुढच्याच वर्षी बँक बंद पडली. कंपनीकडे भरायला पैसा नव्हता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला 1944 मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी: कंपनीच्या भागधारकांनीच भरा! बँक बुडून तेव्हा तेरा वर्षं उलटून गेली होती.

तोवर काळ बदलला होता. 1 जानेवारी 1934 पासून अमेरिकेत ठेवींना 2,500 डॉलरपर्यंत विमा मिळाला, आणि त्याच वर्षी मर्यादा दुप्पट झाली. ठेवीदाराला भागधारकाच्या खिशाकडे बघायची गरज उरली नाही. 1937 मध्ये ओहायोच्या मतदारांनी दुहेरी जबाबदारी घटनेतून पुसून टाकली.

आपल्याकडे 1960 साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर सरकारला जाग आली. 1962 पासून ठेवविमा सुरू झाला, तोही 1,500 रुपयांचा. आज ती मर्यादा पाच लाख आहे आणि हप्ता बँका भरतात.

नमस्कार.