स्टोक रो : खडूच्या टेकडीवरचे तहानलेले गाव

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या पश्चिमेला साठ-बासष्ट किलोमीटरवर, ऑक्सफर्डशायर परगण्याच्या दक्षिण भागात, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर स्टोक रो नावाचे एक लहानसे गाव आहे. बीच वृक्षांच्या दाट रानांनी वेढलेल्या या गावात रस्त्यालगत एक घुमटी दिसते. सडपातळ खांबांवर तोललेला घुमट, त्याखाली हाताने फिरवायचे दातेरी चाकांचे यंत्र आणि त्या यंत्रावर उभा असलेला सोनेरी हत्ती पाहिला, की आपल्याला हे एखादे देऊळच वाटावे. परंतु घुमटाखाली देव नाही. तिथे 368 फूट खोल विहीर आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची उंची 365 फूट आहे, म्हणजे ही विहीर त्या उंचीहूनही तीन फुटांनी अधिक खोल आहे, आणि तिचा व्यास मात्र जेमतेम चार फूट.

जिथे पावसाची भुरभुर बाराही महिने चालते, त्या इंग्लंडमध्ये पाण्यासाठी एवढे खोल का जावे लागले, या प्रश्नाचे उत्तर गावाच्या जमिनीत आहे. चिल्टर्न टेकड्या खडूच्या आहेत. सुमारे 10 कोटी ते 7 कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा गाळ साचत गेला आणि त्याचा हा मऊ, पांढरा खडक झाला. (आपल्या दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्यातून घडला तो त्यानंतर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा वयाने हा खडू सह्याद्रीच्या कातळापेक्षा थोरला.) खडूला असंख्य बारीक छिद्रे आणि भेगा असतात. पडलेला पाऊस त्यावर न थांबता आत मुरतो आणि खूप खाली जाऊन साठतो. त्यामुळे चिल्टर्नच्या बहुतेक दऱ्या कोरड्या आहेत. आकार नदीखोऱ्याचा, पण तळाला नदी नाही. माथ्यावर चकमकीच्या गोट्यांनी भरलेल्या तांबूस चिकणमातीचे आवरण आहे, तेवढेच काय ते पाणी धरते. स्टोक रोची माणसे अशा मातीतल्या डबक्यांवर आणि साठवलेल्या पावसावर गुजराण करीत, आणि उन्हाळ्यात डबकी आटली की पाणी दुरून आणावे लागे.

या टंचाईची वार्ता थेट बनारसला पोहोचली. स्टोक रोशेजारच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनी सरकारच्या सेवेत उत्तर हिंदुस्थानात अधिकारी होते, आणि 1831 मध्ये आझमगढ भागात एक विहीर खोदवून घेण्यात त्यांचा हात होता. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह होता. आपल्या गावाकडच्या पाण्याच्या हालांविषयी बोलताना, घरातले शेवटचे पाणी पिऊन टाकल्याबद्दल आईचा मार खाणाऱ्या एका मुलाची हकिकत रीड यांनी महाराजांना सांगितली, असे म्हणतात. रीड मायदेशी परतल्यानंतर महाराजांनी ती गोष्ट लक्षात ठेवून विहिरीसाठी पैसे देऊ केले. या दानाकडे निव्वळ भाबडेपणाने पाहू नये, असे मला वाटते. 1857 च्या धामधुमीत महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते आणि राणीच्या प्रजेला विहीर देण्यात राजनिष्ठेचे प्रदर्शनही होतेच. तरीही, जेत्यांच्या देशातल्या गरिबांच्या तोंडी पाणी घालण्याचे काम एका हिंदुस्थानी संस्थानिकाने केले, ही गोष्ट उरतेच.

खोदकाम 1863 मध्ये सुरू झाले. यंत्राची मदत नव्हती. चार फुटांच्या त्या नळीत माणूस उतरून खडू खणत होता आणि वरचा माणूस बादलीने तो उपसत होता. तीनशे फुटांवर उभ्या असलेल्या त्या कामगाराला डोक्यावरचे आभाळ केवढे दिसत असेल, याचा विचार तिथे उभे राहिल्यावर सुटत नाही. रहाटाचे यंत्र जवळच्या वॉलिंगफर्ड गावातल्या वाइल्डर यांच्या कारखान्यात घडले. 1864 च्या मे महिन्यात, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावाला खुली झाली. पाणी फुकट होते. राखणदाराच्या निर्वाहासाठी शेजारी चेरीची बाग लावण्यात आली आणि तिच्या फळांच्या विक्रीतून विहिरीची देखभाल व्हावी, अशी योजना होती. बागेचे नाव महाराजांच्या नावावरून ‘ईशरी बाग’ ठेवले गेले, आणि बनारसच्या राजचिन्हात मत्स्य असल्यामुळे तिथे माशाच्या आकाराचे तळेही खोदले गेले. पुढे नळाचे पाणी आले आणि विहिरीची निकड संपली. विहिरीच्या शताब्दीला, 1964 मध्ये, राणी एलिझाबेथ यांचे पती ड्यूक ऑफ एडिंबरा स्वतः इथे आले होते.

विहीर पाहून झाली की पाय आपोआप रानाकडे वळतात. चिल्टर्नच्या बीच वृक्षांची ही राने जितकी निसर्गाची, तितकीच माणसाच्या हातची आहेत. आधी लंडनच्या चुलींना सरपण पुरवण्यासाठी आणि नंतर हाय विकम गावातल्या खुर्च्यांच्या कारखान्यांसाठी ती राखली गेली. ‘बॉजर’ नावाने ओळखले जाणारे कारागीर रानातच खोपटे उभारून, पायाने चालवायच्या चरकावर ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय कातत आणि ते कारखान्यांकडे धाडून देत. मे महिन्यात नव्या पालवीखाली ब्लूबेलची निळी फुले पसरतात, तेव्हा इथे यावे.

रानाबाहेर आलात की वर पाहा. दुभंगलेल्या शेपटीची तांबडी घार इथे डोक्यावर सदैव घिरट्या घालताना दिसते. आपल्याला घारीचे काय अप्रूप, असे कुणी म्हणेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तांबडी घार इंग्लंडमधून नाहीशी झाली होती. 1989 ते 1994 या काळात स्पेनमधून आणलेल्या सुमारे 90 घारी चिल्टर्नमध्ये सोडण्यात आल्या, आणि आज त्यांचा वंश एवढा वाढला आहे की उघड्यावर बसून खाणाऱ्याने हातातली भाकर जपावी.

ईशान्येला तीनेक किलोमीटरवरच्या नेटलबेडमध्ये चिकणमातीचा थर जाड आहे, म्हणून तिथे विटा आणि कौले भाजली जात. बाटलीच्या आकाराची एक जुनी भट्टी गावातल्या घरांमध्ये अजून उभी आहे. पश्चिमेच्या चेकेंडनमधले नॉर्मन काळातले चर्चही वाट वाकडी करून पाहण्याजोगे आहे.

माझ्या मते मात्र स्टोक रो खऱ्या अर्थाने समजायचे असेल, तर वायव्येला आठ किलोमीटरवर, टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या यूएल्म गावी गेले पाहिजे. माथ्यावर पडलेला पाऊस खडूत मुरतो, तो अशा पायथ्याच्या गावांत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. वरच्या माणसांनी 368 फूट खणून मिळवलेले पाणी खालच्यांच्या दाराशी आपसूक वाहते. साहजिकच संपन्नताही इथे आधी आली. सफोकची डचेस ॲलिस चॉसर आणि तिचा पती यांनी 1437 मध्ये इथे वृद्धांसाठी विटांचा आश्रम स्थापन केला. त्यालगतची शाळा आजही भरते, आणि चर्चमध्ये ॲलिसची संगमरवरासारख्या शुभ्र दगडातली समाधी आहे.

गावातला झरा उथळ वाफ्यांतून जातो. या वाफ्यांत वॉटरक्रेस नावाची, किंचित तिखट चवीची पालेभाजी एकोणिसाव्या शतकापासून पिकवली जाई आणि रेल्वेने शहरांत पाठवली जाई. 1988 मध्ये ही शेती थांबली. आता वाफे निसर्गराखीव म्हणून जपले आहेत. पाणी इतके नितळ आहे की तळाची चकमक मोजून घ्यावी. तिथून पुढे हा ओढा बेन्सन गावाकडे वळतो आणि थेम्स नदीला मिळतो.